सुपरचार्जरवाल्या गाडीचा पिकअप मांजरसुंब्याच्या घाटात एकदम गेला, कुठून बघायला सुरू करू?

अंबाजोगाईकर
रामराम मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही. माझ्याकडं एक जुनी परदेशी पेट्रोल सेडान आहे, १.८ लिटर, चार सिलेंडर, आणि तिला टर्बो नाही, सुपरचार्जर आहे, म्हणजे क्रँकच्या पुलीवरून बेल्टनं फिरणारा ब्लोअर. २०१० ला आपल्या औरंगाबादेत लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा मी कॉलेजला होतो, तेव्हापासून डोक्यात होतं की आपण पण एक दिवस भारी इंजिनची गाडी घ्यायची. माझी त्या लॉटमधली नाही, नंतर पै-पै जमवून सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा का माझा हेच अजून कळलेलं नाही.

तर शनिवारी संभाजीनगरहून येत होतो. गेवराई, बीड व्यवस्थित आलं. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट लागला, पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून, मी बाजूनं काढायला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी जागेवर बसल्यासारखी झाली. पेडल पार तळाला, ब्लोअरचा तो शिट्टीसारखा आवाज येतोय, पण गाडी ओढेना. आरपीएम २८०० च्या वर जाईना. धक्के नाहीत, धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. समोरून एसटी येत होती, कसाबसा परत ट्रॅक्टरच्या मागं आलो. त्या दहा सेकंदात बायको-पोरगी गाडीत होती म्हणून हात अजून थरथरतात आठवलं की. वर येऊन गाडी बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली, तेच. केजपर्यंत ४० च्या स्पीडनं आलो.

आज एका गॅरेजला दाखवली. फिटरनं बोनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि म्हणला सुपरचार्जर गेला, दीड-पावणेदोन लाख धरा, अर्धे ॲडव्हान्स. तेवढे पैसे लगेच काढणं मला जड आहे. खरंच ब्लोअर गेला असेल तर करू, पण गेला हे कशावरून ठरवायचं ते मला कुणीतरी सांगा.

गोदाकाठ_नांदेड
आधी ॲडव्हान्स देऊ नका दादा. दोनदा रेस करून ब्लोअर गेलाय हे कुणालाच कळत नसतं.

तुम्ही गाडी बंद-चालू करून बघितली हे चांगलं केलंत. बऱ्याच वेळा पॉवर एकदम जाते ती लिम्प मोडमुळं, म्हणजे ईसीयूला, गाडीच्या कॉम्प्युटरला, काहीतरी चुकीचं दिसतं आणि तो स्वतःहून थ्रॉटल आणि बूस्ट, म्हणजे ब्लोअरनं वाढवलेला हवेचा दाब, कमी करून टाकतो, मग चावी बंद करून परत लावली की काही वेळ गाडी नीट चालते. तुमची तशी चालली नाही आणि दिवा पण नाही, म्हणजे मला हा प्रकार इलेक्ट्रिकलपेक्षा मेकॅनिकल वाटायलाय. तरी स्कॅनर लावाच. दिवा नसला तरी आत पेंडिंग कोड असू शकतो. पी ०२९९ आला तर तो अंडरबूस्टचा, म्हणजे हवा कमी दाबली जायलीय. पी ०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन, कुठंतरी हवा चोरून आत चाललीय.

आणि हे सांगा, ब्लोअरचा बेल्ट वेगळा आहे का अल्टरनेटरचा तोच आहे? वेगळा असेल तर तो तुटला तरी बॅटरीचा दिवा लागत नाही, गाडी चालूच राहते, फक्त जीव गेल्यासारखी.

हिंगोलीकर
इथेनॉल. दुसरं काही नाही. ई२०, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आल्यापासून जुन्या गाड्यांचं हेच व्हायलंय. टाकी रिकामी करा.

परभणीची_ताई
माझ्या गाडीचा पिकअप असाच गेलता, कारण निघालं उंदीर. आमचं घर शेताच्या कडेला, कापूस घरात आला की उंदीर लैच वाढतात. व्हॅक्यूमची बारीक नळी कुरतडली होती, बोटाएवढी पण नाही ती नळी, आणि त्यासाठी तीन गॅरेज फिरले मी. टॉर्च घेऊन प्रत्येक रबरी नळी बोटानं चाचपा, खालच्या बाजूनं पण, वरून साबूत दिसते आणि खालून खाल्लेली असते. नुसतं बघू नका, हात लावा.

वाळूज_एमआयडीसी
ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि सुपरचार्जरच्या गाडीत तर जास्तच, कारण तिथं एक बायपास व्हॉल्व्ह असतो. थोडं समजावून सांगतो. ब्लोअर बेल्टवर आहे म्हणजे इंजिन फिरतंय तोपर्यंत तो फिरणारच, तुम्ही सिग्नलला उभे असलात तरी. त्या वेळी एवढी हवा नको असते, म्हणून एक झडप उघडी राहते आणि हवा ब्लोअरच्या पुढून परत मागं फिरून येते. पेडल दाबलं की झडप बंद होते आणि मग दाब तयार होतो. काही गाड्यांत ही झडप व्हॅक्यूमवर चालते, काहींत मोटरवर. ती उघडीच अडकली तर ब्लोअर फिरतोय, आवाज येतोय, पण हवा नुसती गोल गोल फिरतेय. तुमचं वर्णन मला डिट्टो तेच वाटतंय. झडप साफ करून ग्रीस लावलं की काम होतं, लाखाचा प्रश्नच नाही. काही गाड्यांत ब्लोअरच्या पुलीला एसीच्या कॉम्प्रेसरसारखा मॅग्नेटिक क्लच पण असतो, तो गेला तर ब्लोअर थांबतो, पण तुम्हाला शिट्टी ऐकू येतेय म्हणजे तुमचा फिरतोय.

बेल्ट बघताना नुसता तुटला का एवढंच बघू नका. काचेसारखा चकाकतोय का, आजूबाजूला काळी पूड पडलीय का, ऑइल लागलंय का, टेन्शनर सैल झालाय का, हे सगळं बघा. बेल्ट घसरला की पण पॉवर जाते, पण तेव्हा बहुतेक किंचाळतो.

अंबाजोगाईकर
सगळ्यांचे आभार, मनापासून. आज सुट्टी काढून दिवसभर गाडीपाशीच होतो. केलेलं सगळं लिहितो.

बेल्ट एकच आहे, सगळ्याला मिळून. साबूत आहे, चकाकी नाही, पूड नाही, टेन्शनरचा हात घट्ट. एअर फिल्टर काढला, त्यात पाचटाचे बारीक तुकडे आणि ढीगभर धूळ, नवीन टाकला, काडीचा फरक नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणं सगळ्या नळ्या हातानं चाचपल्या, एक पण कुरतडलेली नाही. माझ्या एअर पाईपच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, नंतर इंजिन चालू ठेवून उदबत्तीचा धूर प्रत्येक जोडापाशी धरला, कुठंच धूर आत ओढला गेला नाही.

बायपासची झडप आमच्या गाडीत व्हॅक्यूमवर आहे. झडपेच्या व्हॅक्यूमच्या नळीचं दुसरं टोक काढून तोंडानं ओढलं की झडपेची दांडी हलते, सोडली की टकदिशी परत येते. मी आणि माझ्या मेहुण्यानं पंधरा-वीस वेळा केलं. अडकत नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर हिंगोलीकर भाऊ, त्याच पंपावर मेहुण्यानं त्याच दिवशी भरलेलं, त्याची गाडी ठीक आहे. आणि पाणी मिसळलेलं असतं तर गाडी धक्के मारली असती ना? माझी धक्के मारत नाही, नुसती दम लागल्यासारखी करते. हाच शब्द मला सगळ्यात बरोबर वाटतो, दम लागल्यासारखी.

गोदाकाठ_नांदेड
लै चांगलं काम केलंत. आता आकडे लागतील. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलला देणारं छोटं यंत्र, मिळतो स्वस्तात, मोबाईलवर ॲप टाका आणि चार गोष्टी बघा: मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, एमएएफ म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं वजन, फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो ते, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान.

एक सांगून ठेवतो, इथं लोक गोंधळतात. मॅप सेन्सर बूस्ट दाखवत नाही, पूर्ण दाब दाखवतो. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला पाहिजे. समुद्राच्या लेव्हलला तो १०१ किलोपास्कल असतो, पण आपण मराठवाड्यात पाच-सहाशे मीटरवर, त्यामुळं आपल्याकडं ९४-९५ दिसणार. तेवढा दिसला तर सेन्सरवर विश्वास ठेवायचा. ८० किंवा ११० दाखवला तर सेन्सर खोटं बोलायलाय.

मग मोकळ्या रस्त्यावर, कुणीतरी शेजारी बसून लॉग करायचं, थर्ड गिअर, पेडल पूर्ण. गाडी चालवणाऱ्यानं मोबाईलकडं बघायचं नाही.

अंबाजोगाईकर
डोंगल आणला. मेहुणा शेजारी बसला, पहाटे साडेपाचला लातूर रोडला गेलो, रस्ता मोकळा होता.

चावी ऑन, इंजिन बंद: ९४.
फ्युएल ट्रिम: आयडलला अधिक २, चालताना उणे १.
आतल्या हवेचं तापमान: ४६ डिग्री. बाहेर २४.
थर्ड गिअर, पेडल पूर्ण, २८०० आरपीएम: मॅप १५८, एमएएफ ३१ ग्रॅम सेकंदाला.

आता माझं नशीब चांगलं, गाडी घेतली तेव्हा ज्या मित्रानं ती तपासून दिली होती त्यानं त्या वेळचा लॉग पाठवला होता, तो मोबाईलमध्ये सापडला. तेव्हा त्याच आरपीएमला मॅप १४० आणि एमएएफ ५६.

मला काय समजेना. दाब पूर्वीपेक्षा जास्त आणि गाडीत जीव नाही, हे कसं?

वाळूज_एमआयडीसी
हे मला पण विचित्र वाटायलंय. बूस्ट जास्त म्हणजे पॉवर जास्त पाहिजे. सेन्सर बदलून बघा.

गोदाकाठ_नांदेड
सेन्सर चावी ऑनला बरोबर दाखवतोय, त्यामुळं तो खराब म्हणणं जिवावर येतं. पण खरं सांगायचं तर मी पण अडलो. ट्रिम ठीक म्हणजे लीक नाही, पेट्रोल कमी पडत नाही. तापमान पण जास्त नाही, नाहीतर ब्लोअर हवा तापवतो, इंटरकूलर काम करत नसेल तर आत ८०-९० डिग्री जाते आणि मग नॉकिंग होऊ नये म्हणून ईसीयू टायमिंग मागं ओढतो, पॉवर तशी पण जाते, आपल्या मे महिन्यात तर हमखास. पण इथं ४६. हे पण कारण नाही.

ईटीपी_ऑपरेटर
मी गाड्यांतला माणूस नाही, साखर कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर आहे, सतरा सीझन झाले. धागा सुरुवातीपासून वाचायलोय, लिहू का नको करत होतो. पण १५८ आणि ३१ हे आकडे बघून राहवलं नाही.

आमच्याकडं एरेशन टँकला हवा द्यायला ट्विन लोब ब्लोअर आहेत. रूट्स ब्लोअर म्हणतात त्याला, तुमच्या गाडीत आहे त्याचाच मोठा भाऊ. अमेरिकेतल्या रूट्स नावाच्या दोघा भावांनी १८६० च्या सुमारास काढलेलं मशीन आहे ते, गाड्यांत नंतर आलं. यात आत दोन लोब एकमेकांत फिरतात, आणि पहिल्या दिवशी आमच्या सिनिअरनं मला एक गोष्ट सांगितली होती ती मी नवीन पोरांना अजून सांगतो. हा ब्लोअर दाब तयार करत नाही. तो फक्त हवा उचलतो आणि पुढं ढकलतो, एका फेऱ्याला ठरलेली तेवढी. पुढं वाट मोकळी असेल तर गेजवर काही दिसत नाही. वाट अडली तर दाब चढतो.

टँकच्या तळाला डिफ्यूझर असतात, बारीक भोकांचे. ते गाळानं चोंदले की आमच्या पॅनेलवर काय दिसतं, तर दाब वाढलेला, मोटरचे अँपिअर वाढलेले, आणि टँकमध्ये बुडबुडे कमी झालेले. नवीन पोरगं गेज बघून म्हणतं ब्लोअर आज जोरात आहे. जोरात नाही बाबा, गुदमरायलाय.

तुमचा दाब चढलाय आणि हवा निम्म्यावर आलीय. ब्लोअर आपलं काम करतोय, कदाचित गरजेपेक्षा जास्त करतोय. ब्लोअरच्या पुढं कुठंतरी वाट बंद आहे. ब्लोअरच्या पुढं इंजिन, आणि इंजिनच्या पुढं काय असतं ते तुम्हा लोकांना माहीत.

गोदाकाठ_नांदेड
काका!! सायलेन्सर. एक्झॉस्ट चोकअप.

मी आयुष्यभर टर्बोच्या गाड्या बघितल्या म्हणून डोक्यात आलं नाही. टर्बोत एक्झॉस्टच टर्बाइन फिरवतो, टर्बाइनच्या पुढं एक्झॉस्ट चोक झाला की टर्बो फिरत नाही आणि बूस्ट पडतो. सुपरचार्जर बेल्टवर, त्याला एक्झॉस्टशी घेणंदेणं नाही, तो ढकलतच राहणार, जळालेला गॅस बाहेर निघेना म्हणून नवीन हवा आत शिरेना, आणि ती बिचारी मॅनिफोल्डमध्येच दाटून बसणार. त्यामुळं एकच दुखणं दोन गाड्यांत उलटं दिसतं. हे मी आज शिकलो.

फिटर_तुळजापूर
काकांना माझा नमस्कार. मी ३६ वर्षं पाना धरलाय, आता पोरगा गॅरेज बघतो. मला सुपरचार्जरच्या गाड्या फार आल्या नाहीत, पण चोंदलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा डबा, भरपूर बघितले. चार मोठ्या शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते १९९५ च्या एप्रिलपासून सक्तीचे झाले, तेव्हा आम्ही त्याला नुसता डबा म्हणायचो, आणि आपल्याकडं शिसंवालं पेट्रोल २००० पर्यंत मिळायचं, त्यानं ते डबे मरायचे. आता शिसं नाही, आता डबा मरतो तो बहुतेक एकाच कारणानं.

अंबाजोगाईकर, खरं सांगा, गेल्या सहा महिन्यांत गाडी मिस मारत होती का? कॉइल, प्लग काही बदललं का? आणि तेव्हा चेक इंजिनचा दिवा नुसता लागला होता का उघडझाप करत होता?

अंबाजोगाईकर
काका, तुम्ही समोर उभं राहून विचारल्यासारखं वाटलं.

हो. जानेवारीत. नांदेडला लग्नाला गेलतो, जाताना लोह्याच्या अलीकडं गाडी थरथरायला लागली, तीन सिलेंडरवर चालल्यासारखी, आणि दिवा उघडझाप करायला लागला. लग्न चुकवायचं नव्हतं म्हणून तसाच गेलो, दुसऱ्या दिवशी तसाच परत आलो. जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नंतर कॉइल बदलली, गाडी छान झाली, दिवा गेला, मी विसरून गेलो. म्हणूनच वर लिहिलं पण नाही, मला वाटलं त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

फिटर_तुळजापूर
संबंध सरळ आहे. दिवा स्थिर लागला तर सवडीनं दाखवलं तरी चालतं. दिवा उघडझाप करतोय म्हणजे गाडी ओरडून सांगतेय की मिसफायर असा चाललाय की कॅट जळेल, बाजूला घे. ज्या सिलेंडरला ठिणगी नाही त्यातलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेनं जातं आणि डब्यात जाऊन पेटतं. आतमध्ये सिरॅमिकची मधमाशांच्या पोळ्यासारखी वीट असते, एका चौरस इंचात चारशेच्या आसपास घरं. हजाराच्या वर डिग्री गेली की तिची तब्येत बिघडते, चौदाशेच्या आसपास वितळते. वितळली तरी थोडी वाट शिल्लक राहते, म्हणून तुमची गाडी दोन महिने चालली. मग एक दिवस ठिसूळ झालेला तुकडा तुटून आडवा फिरतो आणि भोक बंद. म्हणून एकदम गेली.

पण मी म्हणतो म्हणून डबा बदलू नका. सिद्ध करून घ्या. पहिली चाचणी फुकट: न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम धरून ठेवा आणि मॅप बघा. एक्झॉस्ट मोकळा असेल तर आकडा एका जागी राहतो. चोक असेल तर अर्ध्या-पाऊण मिनिटात हळूहळू वर सरकतो, गॅस साचत जातो म्हणून. दुसरी चाचणी, सायलेन्सर थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं हलक्या हातानं ठोका, आतून खुळखुळ आली तर वीट फुटलीय. तिसरी, पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा, २२ चा पाना लागतो, वायरसाठी खाच कापलेला रिंग पाना मिळाला तर बरं, आणि त्या भोकात प्रेशर गेज लावायचं. आयडलला सव्वा-दीड पीएसआयच्या वर नको, २५०० ला तीनच्या वर नको. सेन्सर गरम सायलेन्सरवर काढू नका, आटे निघून येतात. आदल्या रात्री गंजावरचा स्प्रे मारून ठेवा.

अंबाजोगाईकर
झालं. काल रात्री झोप नव्हती, सकाळी सहालाच सुरू केलं.

न्यूट्रलला २५००: मॅप ३४ वरून सुरू झाला, ३६, ३९, ४३, चाळीस सेकंदांत ५१. मेहुणा मोठ्यानं आकडे वाचत होता आणि प्रत्येक आकड्याला माझ्या पोटात गोळा येत होता.

हातोडी: दोन ठोक्यांत खुळखुळ. डब्यात हरभरे भरल्यासारखी.

सेन्सर निघायला पाऊण तास गेला. गेज आमच्या इथल्या एका डिझेल फिटरकडून आणलं, टोकाचा अडॅप्टर लेथवर करून घेतला. आयडलला अडीच. २५०० ला नऊ. काका, नऊ.

मग गेज काढून, भोक उघडं ठेवून, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेली. आवाज असा की शेजारचे सगळे बाहेर आले, पण गाडी उडाली. त्या छोट्या भोकातून निघेल तेवढ्या गॅसनं एवढा फरक. तिथंच गाडी बंद करून दोन मिनिटं बसून राहिलो. ब्लोअर चांगला आहे. पावणेदोन लाखांचा जो दगड छातीवर होता तो उतरला.

वाळूज_एमआयडीसी
मी बायपास, बायपास करत बसलो होतो, चुकलो. सेन्सर बदला म्हणालो ते तर अजूनच चुकलं. दाब आणि हवा दोन्ही एकत्र वाचायची, हे वहीत लिहून ठेवलंय: दाब कमी आणि हवा कमी, तर बेल्ट, बायपास किंवा लीक. दाब जास्त आणि हवा कमी, तर पुढं वाट बंद.

हिंगोलीकर
डबा फोडून आतलं सगळं काढून टाका, मोकळा पाईप. हजार रुपयात काम. सगळे हेच करतात.

फिटर_तुळजापूर
भाऊ, मी पण केलेत पूर्वी, म्हणून सांगतो नका करू. पहिलं म्हणजे मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅट काम करतोय का तेच बघत असतो, पी ०४२० चा दिवा कायमचा लागून राहील, मग उद्या खरंच काही बिघडलं तरी तुम्हाला कळणार नाही. आणि आत्ताच्या प्रकरणात दिव्याचं महत्त्व काय ते आपण बघितलं. दुसरं, पीयूसीला गाडी बसणार नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहे. तिसरं, पेट्रोल गाडीचा धूर डोळ्याला दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं. माझ्या गॅरेजसमोर शाळा आहे. पोरं सायलेन्सरच्या उंचीवर चालतात.

परभणीची_ताई
काका, शेवटच्या ओळीसाठी तुमचे आभार.

आणि अंबाजोगाईकर, जुना डबा भंगारवाल्याला असाच देऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असतं, वितळला तरी धातू आतच असतो. भाव विचारून द्या, दोन-तीन ठिकाणी.

अंबाजोगाईकर
मोकळा पाईप करणार नाही हे मी आधीच ठरवलंय. गाडीचं दुखणं माझ्यामुळं झालं, त्याचा धूर दुसऱ्यांच्या पोरांनी का खायचा.

नवीन कॅट मागवलाय, कंपनीचा नाही, बाहेरचा पण सिरॅमिक विटेचाच, पुण्याहून येतोय. ब्लोअरच्या अंदाजाच्या पाव पटीत बसतोय. काका, बसवताना अजून काय बघू?

फिटर_तुळजापूर
गॅस्केट नवीन, स्टड नवीन, जुने परत वापरू नका. जुन्या डब्याच्या मागचा पाईप आणि मफलर उलटा करून झटकून घ्या, फुटलेले तुकडे पुढं जाऊन तिथं पण अडकलेले असतात आणि मग नवीन कॅट टाकून पण गाडी ओढत नाही, लोक डोकं धरून बसतात. आणि चारही प्लग काढून रंग बघा. कॉइल एक गेली तर बाकीच्या तीन तिच्याच वयाच्या आहेत. जमलं तर चारही बदला, नाहीतर नवीन कॅट पण त्याच वाटेनं जाईल.

अंबाजोगाईकर
मंडळी, शेवटचा अपडेट. मंगळवारी कॅट आला, बुधवारी बसवला. जुना काढल्यावर तोंडातून टॉर्च मारली, अर्धी वीट काचेसारखी वितळून गुळाच्या पाकासारखी गोठलेली, आणि अंगठ्याएवढा एक तुकडा बरोबर आडवा बसलेला. काका म्हणाले तसाच. मफलर झटकला तर मूठभर तुकडे निघाले. राखाडी, हलके, बोटानं चुरगळतात. तीन कॉइल पण बदलल्या.

आज सकाळी मुद्दाम बीडपर्यंत गेलो आणि परत तोच घाट चढलो. रस्ता मोकळा बघून थर्ड गिअर, पेडल पूर्ण. २८०० ला मॅप १४१, एमएएफ ५७, आणि सुई तिथं थांबली नाही, पाच हजारापर्यंत गेली. मांजरसुंब्याला वर येऊन चहा घेतला आणि ईटीपीवाल्या काकांना फोटो पाठवायचा म्हणून मोबाईल काढला तर त्यांचा नंबरच नाही माझ्याकडं. काका, इथंच सांगतो, तुमच्यामुळं माझे दीड लाख वाचले.

ईटीपी_ऑपरेटर
वाचून लै बरं वाटलं. आमचा सीझन या आठवड्यात संपायलाय, नंतर ब्लोअर उघडून लोबचा गॅप बघायचा असतो, फिलर गेज लावून. फोटो टाकतो इथं, म्हणजे तुमच्या गाडीत आत काय फिरतं ते कळेल.

परभणीची_ताई
भावाच्या गाडीला पण चढावर दम लागायलाय, तो डिझेल टर्बो आहे. तो लेथवर केलेला अडॅप्टर किती मापाचा?

अंबाजोगाईकर
ताई, १८ एमएमचे आटे, दीडचा पिच, हा पेट्रोलच्या ऑक्सिजन सेन्सरचा. डिझेलला डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, आधी-नंतरच्या दाबाचा सेन्सर असेल तर आधी तो स्कॅनरवर वाचा, भोक उघडायची गरजच पडणार नाही. लागलंच तर गेज आणि अडॅप्टर दोन्ही माझ्याकडं आहेत, परळीपर्यंत मी आणून देतो, रविवारी मोकळा आहे.